परदेशातील शाळेने दिलेले घर : कोकणातून जाणाऱ्या शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाड, श्रीवर्धन, खेड, रत्नागिरी, राजापूर या पट्ट्यात ज्या वाडीतले कुणीच आखातात नाही अशी वाडी शोधावी लागते. पूर्वी जाणारा माणूस बोटीवर, बंदरात किंवा दुकानात कामाला लागे आणि गावच्याच चार-सहा जणांबरोबर एका खोलीत दिवस काढी. आता बी.एड. झालेल्या मुली आणि मुलगे तिकडच्या सीबीएसईच्या, ब्रिटिश किंवा आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) अभ्यासक्रमाच्या शाळांत शिक्षक म्हणून जाऊ लागले आहेत, आणि त्यांच्या ऑफर लेटरात पगाराच्या आकड्याखाली एक ओळ असते : निवासाची सोय शाळेकडून. मी मस्कत आणि शारजा येथे मिळून अकरा वर्षे शिकवले आणि त्यांपैकी नऊ वर्षे शाळेने दिलेल्या घरांत राहिले. त्यामुळे या एका ओळीविषयीचे प्रश्न माझ्याकडे वारंवार येतात. बहुतेक प्रश्न संयुक्त अरब अमिरातीतील नोकऱ्यांचे असल्याने उत्तरांतही तोच देश अधिक येतो.

शाळा घर देते म्हणजे नेमके काय देते?

कधी शाळेच्या आवारातील खोली, कधी शाळेने स्वतःच्या नावावर भाड्याने घेतलेला फ्लॅट, कधी दरमहा वेगळा दाखवलेला घरभाडे भत्ता, तर कधी एकूण पगारातच मिसळून टाकलेली आणि वेगळी न दिसणारी रक्कम, या सगळ्यांना शाळांच्या भाषेत निवासाची सोय असेच म्हणतात. अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्याने, म्हणजे २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेल्या ३३ क्रमांकाच्या कायद्याने, मालकावर योग्य निवासस्थान देण्याची किंवा त्याऐवजी रोख भत्ता देण्याची अथवा तो पगारात धरण्याची जबाबदारी टाकली आहे. म्हणजे तिन्ही प्रकार कायदेशीर आहेत, आणि 'शाळेने घर देण्याचे कबूल केले होते' हे तोंडी वाक्य तिसऱ्या प्रकारात सहज विरून जाते.

आखातातील भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांत साधारणपणे शेअरिंगचा फ्लॅट मिळतो, म्हणजे दोन-तीन शयनगृहांच्या घरात तितक्याच किंवा त्याहून अधिक शिक्षिका राहतात आणि स्वयंपाकघर सामाईक असते. ब्रिटिश, अमेरिकन किंवा आयबी शाळांत परदेशातून नेमलेल्या शिक्षकाला बहुधा स्वतंत्र, सामानासह घर मिळते. दोन्हीकडे अपवाद आहेत, म्हणून शाळेच्या नावावरून घराचा अंदाज बांधू नये.

आपल्याकडील जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला घरभाडे भत्ता ठाऊक असतो, आणि तो मिळवण्यासाठी मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव जोडण्याची कटकटही ठाऊक असते. परंतु इथे भत्ता थांबला तरी शिक्षक चिपळुणातल्या आपल्या घरी झोपतो. परदेशात घर, व्हिसा आणि नोकरी ही एकाच दोरीला बांधलेली असतात आणि दोरीचे टोक शाळेच्या हातात असते. पुढील सर्व उत्तरे या एका वस्तुस्थितीतून निघतात.

ऑफर लेटरात 'सामानासह निवास' एवढेच लिहिले आहे. तेवढे पुरेसे आहे का?

नाही. सामान या शब्दाचा अर्थ प्रत्येक शाळा आपापल्या सोयीने लावते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या घरात पलंग, कपाट आणि वातानुकूलन यंत्र होते. शेगडी, फ्रिज आणि कपडे धुण्याचे यंत्र नव्हते. विचारल्यावर, करारात पलंग-कपाटापलीकडचे काही लिहिलेले नाही, असे शांतपणे सांगण्यात आले. पुढचे पाच आठवडे मी आणि माझी सहकारी एका विजेच्या किटलीवर आणि शेजारणींच्या मेहेरबानीवर जगलो.

सही करण्यापूर्वी ईमेलने, म्हणजे उत्तर जपून ठेवता येईल अशा रीतीने, शाळेच्या एचआर विभागाला विचारावे की खोली माझ्या एकटीची असेल की त्यातही दुसरी व्यक्ती असेल, न्हाणीघर किती जणींत आहे, घर शाळेपासून किती अंतरावर आहे आणि शाळेची बस दारात येते का, वीज, पाणी, इंटरनेट आणि थंडावा यांचे बिल कोण भरते व त्याला मर्यादा आहे का, घराचा ताबा विमानतळावर उतरल्या दिवशी मिळेल की आधी हॉटेलात राहावे लागेल, आणि असल्यास हॉटेलचा खर्च कुणाचा. शक्य असल्यास त्याच घरात सध्या राहणाऱ्या एखाद्या शिक्षिकेशी बोलणे करून द्यावे, अशी विनंती करावी. ही विनंती जी शाळा सहज मान्य करते तिचे घर बहुधा बरे निघते. छायाचित्रांवर मात्र विसंबू नये, कारण ती इमारत नवी असतानाची असतात.

घर घ्यावे की भत्ता घ्यावा?

पर्याय खरोखर हातात असेल तर पहिल्या वर्षी घर घ्यावे आणि शहराची ओळख झाल्यावर भत्त्याचा विचार करावा, असे माझे मत आहे. त्याचे कारण पगारापेक्षा सुरुवातीच्या रोख खर्चात आहे. दुबईत भाडे महिन्याने नव्हे तर वर्षाने ठरते आणि ते पुढील तारखांच्या चेकने भरावे लागते. चेक एक असो, दोन असोत की चार, चेक जितके कमी तितका भाडे उतरवण्यास वाव. समजा एका साध्या स्टुडिओचे वार्षिक भाडे ३६,००० दिरहम आहे आणि ते चार चेकने द्यायचे आहे. पहिला चेक ९,००० चा. विनासामान घराची अनामत प्रथेप्रमाणे पाच टक्के, म्हणजे १,८००. एजंटाची दलाली पाच टक्के धरली तर आणखी १,८००. वीज-पाणी देणाऱ्या देवा या संस्थेची फ्लॅटसाठीची अनामत २,०००. बेरीज १४,६०० दिरहम होते, आणि यात नोंदणीचे शुल्क, पलंग, गादी, पडदे, भांडी काहीच धरलेले नाही. पहिला पगार हाती पडण्यापूर्वी एवढी रक्कम उभी करण्यासाठी अनेकांनी गावाकडे सोने गहाण ठेवल्याचे मी पाहिले आहे. शिवाय चेकबुक मिळण्यासाठी बँक खाते लागते आणि खात्यासाठी एमिरेट्स आयडी हे तिथले ओळखपत्र लागते, ज्याला काही आठवडे जातात. घर सामानासह असेल तर अनामत दहा टक्के मागण्याची प्रथा आहे.

भत्ता घ्यायचाच असेल तर शाळा वर्षाचा भत्ता आगाऊ देते का, हे विचारावे. काही शाळा देतात, आणि मग चेकचा प्रश्न बराच हलका होतो. मात्र नोकरी वर्षाच्या आत सुटली तर उरलेल्या महिन्यांचा भत्ता परत करावा लागतो, आणि घरमालक ते भाडे परत देईलच असे नाही. सामानासाठी दिलेल्या एकरकमी रकमेलाही पुष्कळदा अशीच अट असते.

भत्त्याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दोघी-तिघी मैत्रिणी मिळून घर घेणाऱ्या, किंवा दुबईत नोकरी करून स्वस्त भाड्यासाठी शारजा किंवा अजमान येथे राहणाऱ्या शिक्षिका भत्त्यातून चांगली बचत करतात. त्याची किंमत सकाळच्या वाहतुकीत मोजावी लागते. शारजा-दुबई रस्त्यावरची सकाळ ज्याने पाहिली त्याला मुंबई-गोवा महामार्गाच्या कामाचे फारसे वाईट वाटत नाही.

भत्ता मोठा आणि मूळ पगार लहान असा करार समोर ठेवला आहे. एकूण आकडा तोच असल्यास फरक काय पडतो?

फरक शेवटच्या दिवशी पडतो. अमिरातीत सेवासमाप्तीची ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजली जाते. वर्षभराची सेवा पूर्ण झाल्यावर पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचा आणि त्यानंतरच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचा मूळ पगार. घरभाडे भत्ता त्यात धरला जात नाही. मूळ पगार ५,००० दिरहम असेल तर एका वर्षाची ग्रॅच्युइटी ३,५०० होते. तोच मूळ पगार ३,००० आणि भत्ता २,००० असा मांडला तर ती २,१०० होते. चार वर्षांत हा फरक ५,६०० दिरहमांचा होतो. म्हणून दोन ऑफरची तुलना करताना फक्त एकूण आकडा पाहू नये.

मी पतीच्या व्हिसावर आधीच तिकडे राहते. मला शाळा घर देईल का?

बहुधा नाही. शाळा परदेशातून आणलेल्या आणि तिथेच नेमलेल्या शिक्षकांत भेद करतात, आणि पतीच्या व्हिसावर असलेल्या शिक्षिकेला घर आधीच आहे असे गृहीत धरून निवास, विमानतिकीट आणि कधीकधी पगारही कमी ठेवतात. काम मात्र तितकेच असते. ही पद्धत मला अन्यायाची वाटते, पण ती सर्रास आहे. अशा वेळी घराऐवजी मुलांच्या फीमध्ये सवलत मागणे अधिक फलदायी ठरते, कारण शाळेला ती द्यायला रोख पैसे मोजावे लागत नाहीत.

पती-पत्नी दोघेही त्याच शाळेत शिक्षक असतील तर?

तर घर एकच मिळते, दोन नव्हेत; दुसऱ्याच्या वाट्याचा भत्ता मिळेल का हे करारातच ठरवून घ्यावे.

कुटुंबाला नेता येईल का, आणि त्यासाठी शाळेचे घर चालते का?

अमिरातीत कुटुंबाचा व्हिसा काढण्यासाठी पगाराची किमान अट ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि निवास, अशी आहे. त्यामुळे मालकाने घर दिले असेल तर कमी पगारावरही अर्ज करता येतो. पण अर्जासोबत राहत्या घराचा पुरावा लागतो, आणि दुबईत तो पुरावा म्हणजे इजारी या नोंदणी पद्धतीत नोंदलेला भाडेकरार. इजारी या अरबी शब्दाचा अर्थ माझे भाडे. आपल्या जुन्या कागदपत्रांतला इजारा हाही त्याच मुळाचा शब्द आहे. अबूधाबीत अशाच नोंदणीला तौसीक म्हणतात. शाळेचे घर शाळेच्या नावावर नोंदलेले असते, म्हणून कुटुंबाला तिथे राहू देण्याचे शाळेचे लेखी पत्र लागते, आणि शेअरिंगच्या फ्लॅटसाठी ते कोणतीही शाळा देत नाही. 'एकट्यासाठी निवास' असे ऑफर लेटरात असेल तर कुटुंब नेण्याचा बेत भत्त्यावरच करावा.

कागदपत्रांची तयारी मात्र गावातूनच करून निघावे. विवाहाचा दाखला ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाने विवाह निबंधक म्हणून दिलेला असेल तरी चालतो. तो केवळ मराठीत असल्यास त्याचे इंग्रजी भाषांतर लागते, आणि त्यावर आधी राज्य शासनाची, मग परराष्ट्र मंत्रालयाची आणि अमिरातीसाठी शेवटी तिच्या दूतावासाची साक्षांकने घ्यावी लागतात. ओमान, बहरीन आणि २०२२ च्या डिसेंबरपासून सौदी अरेबिया हे देश अपॉस्टिल, म्हणजे एकमेकांची साक्षांकित कागदपत्रे मान्य करण्याच्या, करारात असल्याने तेथे दूतावासाची पायरी वाचते. अमिराती, कतार आणि कुवेत त्या करारात नाहीत. सर्वांत जास्त वेळ ज्यात जातो ती अडचण नावाची असते. पदवीवर माहेरचे नाव, पारपत्रावर सासरचे, आणि दाखल्यात आडनावाचे स्पेलिंग तिसरेच. ही दुरुस्ती तिकडे बसून करणे म्हणजे रत्नागिरीहून मंत्रालयाच्या फेऱ्या दुसऱ्या कुणाला घालायला लावणे होय.

शेअरिंगच्या घरात स्वयंपाकाचे आणि खाण्यापिण्याचे कसे जमते?

जमवावे लागते, आणि ते पहिल्याच आठवड्यात बोलून ठरवलेले बरे. केरळच्या, पंजाबच्या, फिलिपिन्सच्या आणि कोकणातल्या शिक्षिका एकाच ओट्यावर स्वयंपाक करतात तेव्हा भांडण पैशांवरून क्वचित आणि वासावरून हमखास होते. सुके बोंबील किंवा सुकट भाजायची असेल तर घरात शाकाहारी सहकारी आहे का, धूर ओढून घेणारा पंखा चालतो का आणि धुराच्या सूचनेची घंटा स्वयंपाकघराला किती जवळ आहे, हे आधी पाहावे. एकदा आमच्या भाजलेल्या बांगड्यामुळे अख्खी इमारत खाली उतरली होती. बऱ्याच इमारतींत गॅसची शेगडी लावू देत नाहीत, विजेचीच असते, म्हणून नेण्याचा कुकर आणि तवा सपाट बुडाचा आणि तशा शेगडीवर चालणारा असावा. भिंतीतील प्लग ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी पायांचे असतात.

पाहुणा रात्री राहू शकतो का, परपुरुषाने यावे का, रात्री किती वाजेपर्यंत बाहेर राहता येते, याचे नियम शाळेचे असतात, देशाचे नव्हेत, आणि देशाच्या कायद्यापेक्षा ते कडक असू शकतात. तरुण मुलींच्या आईवडिलांना हे नियम आश्वासक वाटतात, मुलींना जाचक वाटतात. दोघांनीही ते आधी वाचलेले असावेत.

मला जागा सहन होत नसेल तर खासगी बेड स्पेस, म्हणजे दुसऱ्यांच्या खोलीतला भाड्याचा एक पलंग, घेऊ का?

विनापरवाना पार्टिशनच्या खोल्या आणि दाटीवाटीने भरलेल्या बेड स्पेस यांवर दुबईत कारवाई होते, आणि घरात राहणाऱ्या प्रत्येकाची नोंद करण्याची सक्ती तेथे २०२२ पासून आहे. ज्या फ्लॅटच्या इजारीवर आपले नाव चढणार नाही, तिथे पैसे देऊ नयेत.

वीज आणि थंडाव्याच्या बिलाची एवढी चर्चा का होते?

कारण मे ते सप्टेंबर या काळात ते बिल पगाराचा मोठा लचका तोडते. कोकणात पंखा लावून, ओटीवर चटई टाकून उन्हाळा काढता येतो. अबूधाबीत जुलैमध्ये वातानुकूलन बंद ठेवणे शक्य नाही. अनेक नव्या इमारतींत थंड पाणी मध्यवर्ती केंद्रातून येते आणि त्याचे बिल विजेच्या बिलाहून वेगळे असते. जिथे ते घरमालक भरतो त्या घराला चिलर फ्री म्हणतात. शाळेच्या घरात हे बिल शाळा भरते असे गृहीत धरू नये; काही शाळा ठरावीक रकमेपर्यंतच भरतात आणि वरचा खर्च सर्व राहणाऱ्यांत सारखा वाटतात. मग जी शिक्षिका जुलैत गावी आली होती तिच्याही वाट्याला हिस्सा येतो. दुबईत याशिवाय वार्षिक भाड्याच्या पाच टक्के गृहनिर्माण शुल्क बारा महिन्यांत विभागून देवा या संस्थेच्या वीज-पाण्याच्या बिलात लावले जाते. भत्त्यावर घर घेणाऱ्याने हे शुल्क भाड्यात धरूनच हिशेब करावा.

शाळेच्या घरात मी भाडेकरू मानली जाते का?

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. दुबईचा २००७ चा २६ क्रमांकाचा भाडेकायदा आणि त्यातील २००८ ची दुरुस्ती भाडेकरूला चांगले संरक्षण देतात. ठरावीक कारणांसाठीच आणि बारा महिन्यांची नोटीस देऊनच मुदतीनंतर घर खाली करून घेता येते, आणि नूतनीकरणाच्या अटी बदलायच्या तर ९० दिवस आधी कळवावे लागते. परंतु मालकाने आपल्या कर्मचाऱ्यांना भाडे न घेता दिलेली घरे त्या कायद्याने स्पष्ट शब्दांत वगळली आहेत. म्हणजे शाळेच्या घरातील शिक्षिका कायद्याच्या दृष्टीने भाडेकरू नसते, ती शाळेची कर्मचारी म्हणूनच तिथे राहते. शाळेने वर्षाच्या मध्यात दुसऱ्या इमारतीत हलायला सांगितले, किंवा खोलीत आणखी एक पलंग आणून टाकला, तर भाड्याच्या वादांचे न्यायकेंद्र तिला उपयोगी पडत नाही. तिचा आधार एकच, तिचा नोकरीचा करार. म्हणून स्वतंत्र खोली, शिक्षिकेच्या संमतीशिवाय बदल नाही, किंवा बदल झाल्यास त्याच दर्जाचे घर, असे शब्द त्या करारात असणे हाच एकमेव उपाय आहे.

गावाकडे ज्या घराच्या सातबाऱ्यावर किंवा घरपत्रकावर तीस वारसांची नावे असतात आणि त्यामुळे कुणीच कुणाला काढू शकत नाही, त्या घरात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट चटकन पटत नाही.

अमिरातीबाहेरच्या देशांत वेगळे काही असते का?

कतारमध्ये २०२१ च्या मार्चपासूनच्या किमान वेतनात १,००० रियाल पगार आणि मालकाने घर न दिल्यास निवासासाठी ५०० रियाल अशी तरतूद आहे. तो कायद्याचा तळ आहे, शिक्षकाच्या भत्त्याचे माप नव्हे, आणि ज्या शाळेच्या तोंडी तो आकडा येतो तिच्याशी फार बोलू नये.

चीनमध्ये हॉटेलाबाहेर राहणाऱ्या परदेशी व्यक्तीची नोंद २४ तासांच्या आत स्थानिक पोलिसांकडे करावी लागते. थायलंडमध्ये हीच नोंद २४ तासांत करण्याची जबाबदारी घरमालकाची असते, पण ती झाली नाही तर व्हिसाच्या नूतनीकरणाच्या वेळी अडकतो तो शिक्षकच. मालवण-तारकर्लीकडे घरगुती निवास चालवणाऱ्यांना परदेशी पाहुण्याचा सी फॉर्म भरायचा असतो, तसाच हा प्रकार आहे; फक्त यात पाहुणे आपण असतो. घर शाळेचे असेल तर ही नोंद शाळेने केल्याची प्रत मागून घ्यावी.

हाँगकाँगमध्ये प्रश्न कराचा आहे. शाळेने घर दिले किंवा पावत्या पाहून भाड्याची भरपाई केली, तर करासाठी उत्पन्नाच्या साधारण दहा टक्के एवढेच घराचे मूल्य धरले जाते. तीच रक्कम रोख भत्ता म्हणून घेतली तर ती सगळी करपात्र होते. तिथे घर की भत्ता या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे सरळ आहे. जपानमध्ये अनामतीखेरीज घरमालकाला परत न मिळणारी भेटरक्कम देण्याची प्रथा अजून पुष्कळ ठिकाणी आहे आणि जामीनदारही लागतो, म्हणून तेथे शाळेने घर आपल्या नावावर घेऊन देणे ही मोठीच मदत ठरते.

जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत घर माझ्याकडे राहते का?

करार चालू असेल तर बहुधा राहते, पण काही शाळा सुट्टीत सामान एका खोलीत बंद करायला लावून घराची डागडुजी करतात किंवा नव्याने आलेल्यांना तात्पुरते तिथे उतरवतात. शेवटचे वर्ष असेल तर करार जूनअखेर संपतो की ऑगस्टअखेर, हे दोन महिन्यांचे अंतर पगाराइतकेच घरालाही लागू आहे. आखातातील भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये आणि ब्रिटिश-अमेरिकन शाळांचे ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरमध्ये सुरू होते. एप्रिलात जाणाऱ्यांना घर मिळते आणि लगेच उन्हाळाही मिळतो.

गणपतीला गावी येता येईल का, असे प्रत्येक जण विचारतो. सुट्टी पावसाळ्याच्या ऐन मध्यात पडते आणि चतुर्थीच्या सुमारास ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळा नुकत्या उघडलेल्या असतात, त्यामुळे बहुधा नाही.

नोकरी मध्येच सुटली तर घर किती दिवसांत सोडावे लागते?

करारात जे लिहिले असेल तितक्या दिवसांत, आणि काहीच लिहिले नसेल तर शाळा सांगेल तितक्या दिवसांत. अमिरातीत परिवीक्षेचा काळ जास्तीत जास्त सहा महिन्यांचा असतो आणि त्या काळात शाळा १४ दिवसांच्या नोटिशीवर नोकरी संपवू शकते. त्यानंतर नोटीस ३० ते ९० दिवसांची असते. नोटिशीच्या काळात घर काढून घेतले जाणार नाही आणि शेवटच्या दिवसानंतर किमान तीस दिवस राहता येईल, असे कलम मागून घ्यावे. मुलाखतीच्या आनंदात हे मागायला जीभ रेटत नाही, हे मला ठाऊक आहे. शाळेने नकार दिला तरी ऑफर रद्द होत नाही, आणि पुष्कळदा ती मान्य करते, कारण तिलाही घर लगेच भरायचे नसते. शिक्षिकेने स्वतःच वर्षाच्या मध्यात सोडले तर काही करारांत राहिलेल्या काळाचे भाडे शेवटच्या पगारातून कापण्याची अट असते. ती आकड्यासह वाचावी.

एजंट घराच्या अनामतीचे पैसे इथेच मागतो. द्यावे का?

देऊ नयेत. शाळेच्या घरासाठी शिक्षकाकडून भारतात अनामत घेण्याचे काही कारण नाही. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच शुल्क घेता येते, तेही पावती देऊन. त्याची नोंदणी ई-मायग्रेट या शासकीय संकेतस्थळावर पाहता येते. तिकडे गेल्यावर घराच्या किल्लीच्या बदल्यात पारपत्र जमा करायला सांगणे हाही बेकायदा प्रकार आहे. अमिरातीच्या कामगार कायद्यानुसार मालकाला कामगाराची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत.

घराबद्दल तक्रार कुठे करावी?

आधी शाळेकडे, लेखी आणि तारखेसह. त्यानंतर अमिरातीत मानव संसाधन मंत्रालयाकडे, कारण हा नोकरीच्या कराराचा भंग ठरतो. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली की ती संबंधित दूतावासाकडे जाते, आणि खरोखर निराश्रित अवस्था आली तर दूतावासांकडील भारतीय समुदाय कल्याण निधीतून तात्पुरता निवास व परतीचे तिकीट यांची मदत होऊ शकते. गावच्या मंडळाचे किंवा जमातीचे तिकडे असलेले लोक पहिल्या रात्रीच्या आसऱ्यासाठी या सर्वांपेक्षा लवकर पोहोचतात, म्हणून त्यांचे दोन फोन नंबर कागदावरही लिहून न्यावेत.

घर सोडताना काय सांभाळावे?

ताबा घेतानाच सर्व खोल्यांचे, भिंतींचे, गादीचे आणि न्हाणीघराचे चित्रीकरण करून ते त्याच दिवशी एचआर विभागाला ईमेलने पाठवलेले असले, तर सोडतानाचे निम्मे वाद उद्भवत नाहीत. सामानाच्या यादीवर सही करताना जी वस्तू नाही किंवा मोडकी आहे तिच्यासमोर तसे हाताने लिहावे. निघण्यापूर्वी वीज-पाण्याचे शेवटचे बिल, आणि भत्त्यावर घर घेतले असल्यास अनामतीचा परतावा व इजारी रद्द झाल्याचा कागद हाती घ्यावा. न वापरलेले चेक परत मागून घ्यावेत. शाळेच्या घराचा ना-देय दाखला विमानाच्या तारखेच्या किमान एक आठवडा आधी मागावा, कारण ग्रॅच्युइटीचा हिशेब तो मिळेपर्यंत पुढे सरकत नाही आणि ज्याची त्यावर सही लागते तो माणूस त्या आठवड्यात नेमका रजेवर असतो.